लीमडा तळ्याची फेरी

लीमडा तळ्याची फेरी कुणालाही जमेल अशी आहे. पलसाण्याला एसटीतून उतरायचं, रंगाच्या कारखान्यांचा उकळत्या कापडाचा वास मागे पडेपर्यंत उसाच्या शेतांमधून आत चालायचं, की अर्ध्या तासात दहा-बारा घरांची वस्ती लागते. त्या वस्तीमागे तळं. काठानं साग आणि पळसाचं रान, त्यातून बैलगाडीची सपाट वाट. चढ नाही, काटे नाहीत. लहान मूल सोबत असलं तरी पाऊण तासात फेरी पुरी होते. इतकं सविस्तर सांगते आहे, कारण आमच्या सोसायटीत हल्ली असं पसरलंय की ती जागा वाईट आहे आणि सुधाबाईंचं डोकं फिरलंय. मी उधन्याच्या मराठी शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते. डोकं जागेवर आहे.

शहाण्णवच्या जुलैत आमची नेहा रिक्षातून पडली. आठ वर्षांची पोर. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं, तीन महिने प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा तो पाय अर्धा इंच तोकडा निघाला आणि ती तो ओढत चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय पण जसं हवं तसं नाही. मऊ जमिनीवर रोज चालवा, बाकी देवाच्या हातात. देवाच्या हातात काही सोपवायची मला सवय नाही. शेजारच्या शोभाबाईंचे यजमान धुडकू पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला. तळ्याची वाट त्यांनीच सांगितली. डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी आम्ही निघायला लागलो: मी, माझे मिस्टर दिलीप, नेहा आणि डबा घेऊन शोभाबाई.

पहिल्याच रविवारी निम्मी फेरी झाल्यावर एका करंजाखाली सपाट दगड दिसला. त्यावर लाकडी वाडगा आणि वाडग्यात पिकलेली बोरं. मी बघेपर्यंत नेहानं चार-पाच खाल्ली होती. परक्याचं न विचारता खाल्लं म्हणून मी तिला रागावले आणि मालकाला हाका मारल्या. कुणी आलं नाही. आता इथे जे केलं ते मीच केलं, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. शेजारच्या घरातून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्या आईनं माझ्या हाडात मुरवलंय. वाडगा तळ्यात धुतला, डब्यातले दोन रव्याचे लाडू त्यात ठेवले आणि वाडगा होता तिथे ठेवून दिला. ओळख ना पाळख आणि म्हणे शेजारधर्म, असं दिलीप हसून म्हणाले.

पुढच्या रविवारी वाडग्यात उकडलेले शिंगाडे होते. गरम होते. आसपास कुठे चूल नाही, धूर नाही. मी मनाशी म्हटलं, कुणी गुराखी असेल, आत्ताच ठेवून गेला असेल. नेहानं शिंगाडे खाल्ले, मी वाडग्यात चिवडा भरला. परतताना वस्तीत चौकशी केली. एका म्हातारीनं सूप खाली ठेवलं, नेहाच्या पायाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

काठाची माती चिकण आणि ओली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी नेहाला तिथे अनवाणी चालवायची आणि मागून तिच्या खुणा बघायची. डावं पाऊल पूर्ण, उजव्याची नुसती रेघ. मागच्या रविवारी हेच. त्या दिवशी शिंगाडे खाऊन ती पुढे गेली आणि मागे दोन पावलं उमटलेली होती. उजवंही पूर्ण, टाचेसकट. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

त्यानंतर एकदा मध आला, एकदा भाजलेली रताळी. आमच्याकडून चकल्या गेल्या, संक्रांतीला गूळपोळ्या गेल्या. नेहा पळायला लागली. जाड तळाचा खास बूट करून घेतला होता, तो तिनं माळ्यावर टाकायला लावला. जानेवारीत डॉक्टरांनी पुन्हा हाडाचा एक्स-रे फोटो काढला. दोन्ही पाय फूटपट्टीनं मोजले, सारखे. मग त्यांनी जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी उजेडासमोर धरला. मोडल्याची खूणच नव्हती. त्यांनी मला विचारलं, "जुना फोटो याच मुलीचा आहे ना, बाई?"

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वाडगा रिकामा होता.

आत धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ. दगडाभोवतीच्या ओल्या मातीत पावलं होती. लहान, अनवाणी. डावं पूर्ण, उजव्याची रेघ. नेहा माझ्या शेजारी कॅनव्हासचे बूट घालून उभी होती.

शोभाबाई एरवी बोलायला लागल्या की थांबत नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा खाली ठेवला आणि वाकून त्या खुणा पाहिल्या. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून हळूच आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "ताई, तुन्ही पोरनं लंगडंपन कोठे गये, ते आते समजनं का?"

मला समजलं होतं. समजूनच मी विचारलं, मग काय करायचं म्हणता?

"ज्यानं शे तेले दी टाक. तो बूट पोरले परत घाल. घेनं तेवढं बस झाये."

दिलीप म्हणाले, आपण इथे यायचंच बंद करू. ज्याचं आहे त्याला देऊन टाक काय, यायचं बंद काय, मला दोघांचाही राग आला. यायचं बंद केलं म्हणजे चोरी कबूल केल्यासारखं. आम्ही काही चोरलं नव्हतं. दिलेलं घेतलं, आणि घेतल्याची दरवेळी परतफेड केली. मी वाडगा उचलला आणि दगडावर पालथा घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं भांडं रिकामं परत केलं. मग तळ्याकडे तोंड करून, वर्गात बोलते त्या आवाजात, सांगितलं, "पाय माझ्या मुलीचा आहे. लाडू हवे असतील तर दर रविवारी आणीन. पाय मिळणार नाही."

पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या. त्या थांबल्या. एवढंच झालं.

त्यानंतर शोभाबाई आल्या नाहीत. मी मात्र एकही रविवार चुकवला नाही. नेहाला घेऊन जायची, दगडावर लाडू ठेवायची, पुरी फेरी मारायची. लाडू पुढच्या रविवारी तसेच असत, मुंगीसुद्धा लागलेली नसे. दिलीप यायचे, कारण आम्हाला एकट्यांना पाठवायला त्यांचं मन घेईना. 

खुणा मात्र जागेवर राहिल्या नाहीत. एका रविवारी त्या दगडापासून निघून गाडीवाटेवर आल्या होत्या. पुढच्या रविवारी वस्तीच्या मागच्या हापशापर्यंत. मग उसाच्या पाटाकडेला. पाऊल, रेघ, पाऊल, रेघ, आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेनं. वस्तीतल्या लोकांनी हापशाभोवती राख पसरली होती. मी गेले की ते मुलांना आत घेत.

त्या रेघेचं वाईट वाटतं का, असं दिलीपनी एकदा घरी विचारलं. वाटतं. कुणाचंतरी लेकरू आहे, आणि पाय ओढत एवढं अंतर चालणं म्हणजे काय, ते मी दोन महिने डोळ्यांनी पाहिलंय. नेहा जिना उतरताना कठड्याला धरून रडायची ते मी विसरलेले नाही. म्हणूनच देणार नाही. दुसरी कुठली आई देईल, तिला माझ्यासमोर आणून उभी करा.

परवा, मार्चच्या शेवटच्या रविवारी, परतताना आम्ही पलसाण्याच्या थांब्यावर उभे होतो. पाण्याचा टँकर नुकताच गेला होता आणि रस्त्याकडेची धूळ भिजली होती. त्या धुळीत पाऊल होतं. पुढे रेघ. पुन्हा पाऊल. डांबराच्या कडेपर्यंत आलेली, ताजी. डांबरावर कुणाच्याच खुणा उठत नाहीत.

दिलीपनीही पाहिल्या. त्यांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

बस आली. नेहा दोन्ही पायांनी उडी मारून चढली आणि पळत जाऊन खिडकीजवळ बसली. बस निम्मी रिकामी होती. मी तिच्या शेजारी बसायला गेले, तशी ती सीटवर हात ठेवून अगदी साध्या आवाजात, नेहमीसारखं निम्मं गुजरातीत, म्हणाली, "आई, तू पाछळ बेस ने, मागच्या सीटवर. इथे जागा नाहीये."

मी तिचा हात बाजूला केला आणि तिथेच बसले.

दिलीप पुढच्या दांडीला धरून उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कंडक्टर तिकिटं देऊन गेला.

पलसाणा सुटलं आणि माझ्या मांडीवर वजन आलं. सात-आठ वर्षांच्या मुलाचं असतं तेवढं. ओलं नव्हतं, गारही नव्हतं. मी खाली पाहिलं. माझी साडी दिसत होती, साडीवर पर्स दिसत होती.

मी उठले नाही. सचिन गेलं, उधना जवळ आलं, तरी उठले नाही. नेहा खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला एक लहान टाच माझ्या डाव्या नडगीवर आपटत होती. उजव्या नडगीला काहीतरी नुसतं लोंबत घासत होतं.