सायीचे डोळे

ती तणतणत जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि समोरच्या पाट्यांच्या कारखान्याचं अर्धवट लावलेलं शटर तिने धाडकन वर ढकललं.

"कोण आहे आत? तो उजेड बंद करा आधी!"

आत एक उंच तरुण स्टुलावर उभा राहून एका दुकानाची नवी पाटी पेटवून बघत होता. पांढरी लखलखीत अक्षरं! त्यांचा झोत शटरमधून थेट तिच्या खिडकीवर जात होता. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"पाटी आहे हो ती. पेटली नाही, तर गिऱ्हाईक मला पेटवेल."

"तुमच्या पाटीपायी माझी साय आंधळी होतेय!"

"साय? दुधावरची?"

"पाल आहे ती. पाळलेली."

तो हसला. अगदी मनापासून हसला... आणि तिथेच त्याचं चुकलं.

साय म्हणजे साधीसुधी भिंतीवरची पाल नव्हे. परदेशी गेको जातीची, जन्मजात अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंगच नसलेली. फिकट पिवळं अंग, गुलाबी डोळे, आणि त्या डोळ्यांना चक्क पापण्या! परगावी गेलेल्या मैत्रिणीने ती हिच्या ओटीत टाकली होती. ही घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. टेबलावर प्लास्टरचे जबडे, शेजारी काचेच्या पेटीत साय. "लोकांच्या घरात पाल निघाली की झाडू निघतो, आमच्याकडे ताटली निघते," असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. पण हल्ली साय डोळेच उघडत नव्हती. अळीला तोंड लावत नव्हती. समोरची पाटी पेटली की दगडाखाली मुरायची.

पाटीवाल्याने पाट्यांची तोंडं भिंतीकडे करायचं कबूल केलं आणि तो लगेच विसरलाही. पुन्हा तो झोत खिडकीवर आला तेव्हा तिचा पारा असा चढला, की खाली जाऊन तिने कारखान्याचं मेन स्विचच खटकन पाडलं. नेमकं तेव्हा गिऱ्हाईक पाटी बघायला आलं होतं. "इथे भलतेच तमाशे चालतात," म्हणत ते निघून गेलं.

"झालं समाधान?" पाटीवाला अंधारात ओरडला. "हातचं काम गेलं माझं! एका पालीसाठी!"

चुकलं, हे तिला कळत होतं. पण माफी मागायला जीभ रेटेना. ती तशीच फणकाऱ्याने वर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात हजर. आईने दार उघडताच तो तरातरा आत शिरला. "त्या गिऱ्हाइकाला आता तुम्हीच समजवा..."

"शूऽऽ!"

ती पेटीवर वाकली होती. हातात चिमटा, चिमट्यात अळी. सायीने कशीबशी पापणी उचलली, मान वाकडी केली, झडप घातली... आणि अळीच्या बोटभर डावीकडे, नुसत्या हवेत तोंड मिटलं. पुन्हा झडप, पुन्हा हवा. मग तिने डोळे गच्च मिटून घेतले.

तो हलकेच पेटीजवळ बसला.

"दिसतच नाही का हो हिला?" त्याचा आवाज एकदम उतरला होता. मग त्याने वर पाहिलं. "आणि हा एवढा पांढरा दिवा हिच्या डोक्यावर कुणी लावला?"

"मी. ऊब लागते तिला."

"ऊब ठीक आहे. पण हा तर माझ्या पाटीलाही लाजवेल!"

"निघा इथून!" ती किंचाळली. कारण त्याचं म्हणणं खरं असेल, या विचारानेच ती घाबरली होती.

तो निघाला नाही. त्याने अंगातला काळा शर्ट काढून पेटीवर पांघरला आणि पेटी उचलून बनियनवरच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे चालू लागला. ती रागाने मागोमाग.

"डोळ्यात रंगच नाही हिच्या, त्यामुळे उजेड थेट आत घुसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाटीचाही त्रास आणि दिव्याचाही. डोळे सतत मिटलेले, म्हणून कात टाकताना पापणीखाली तुकडा अडकलाय." तो त्यांनी भिजवून अलगद काढला. "पांढरा दिवा काढा. खालून ऊब द्या. नजर मात्र अधूच राहील. नेम चुकणारच, तेव्हा नाकाशी नेऊन भरवा."

परतताना पेटी हातात घेऊन चालता चालता ती एकदम भडकली. "म्हणा ना! माझंच चुकलं म्हणा!"

"मी काही बोललोय?"

"तेच तर! का नाही बोलत?"

"दोघांचंही चुकलं, म्हणून."

हातातल्या पेटीपेक्षा त्याच्या उघड्या दंडाकडेच आपलं लक्ष जातंय, याचाही तिला भयंकर राग आला.

मग तो येतच राहिला. त्याने पेटीखाली ऊब देणारी पट्टी बसवली. ती वाकडी बसली म्हणून भांडण. तो अळी फार लांब धरतो म्हणून भांडण. एकदा तिच्या गालावरचं प्लास्टर त्याने बोटाने पुसलं.

"सांगायचं. हात नाही लावायचा."

"सांगितलं असतं, तर पुसलं असतंत?"

"...नसतं."

आणि एक दिवस कारखान्याला कुलूप! दुसऱ्या दिवशीही. निरोप नाही, काही नाही. साय आता डोळे उघडून खात होती, अंग धरत होती. हवं ते सगळं मिळालं होतं. आणि ती मात्र कवळ्यांवर इतकं घासकाम करत होती, की आई म्हणाली, "त्याचा राग त्या दातांवर कशाला काढतेस?"

शटर वाजलं तशी ती दोन-दोन पायऱ्या उतरली.

"सांगून जाता येत नाही? कुलूप बघून माणसाला काय काय वाटतं! साय वाट बघते, आणि तुम्ही..."

"साय?" तो धुळीने माखला होता, डोळे प्रवासाने लाल. "गावोगाव पाट्या टांगत होतो. गेलेल्या कामाच्या बदल्यात ते एकच मिळालं. सांगायला वर येणार होतो... पण तुम्ही 'जा' म्हणाला असतात, तर पाय निघाला नसता. आणि 'जाऊ नका' म्हणाला असतात, तर मुळीच नसता."

तिचे ओठ थरथरले — रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

"आवडता तुम्ही मला," तो म्हणाला. "ओरडता तेव्हाही. तुम्हाला काय वाटतं, ते..."

"मला? मला तुमचा इतका राग येतो ना, की..." तिने त्याची बाही घट्ट धरली. "आणि ते तुम्ही-तुम्ही बंद कर आधी!"

तो क्षणभर गोंधळला. मग हसला. या वेळी ती चिडली नाही.

"बरं. चल मग सायीकडे... तू."