आवाज येतोय का?

बसा. मोबाइल खाली ठेवा आधी. लाइट गेली की तुम्हा पोरांना काका आठवतात, एरवी जिन्यात समोर आलो तरी ओळख नसते. भुताची गोष्ट हवी ना? सांगतो. खरी आहे, माझ्या घरातली आहे. पण ही सांगताना मला भीती वाटत नाही, चीड येते. मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण चार माणसं दिसली की हा शिकवायला लागतो. घराच्या मागच्या खोलीत टेबल, दिवा, कॅमेरा मांडून तो कॉम्प्युटरचे ऑनलाइन वर्ग घ्यायचा. बिलं कशी करायची, हिशेबाचे तक्ते कसे भरायचे, असलं. नोकरी-धंदा करणारी माणसं शिकायला, म्हणून वर्ग रात्री आठला. एका संस्थेने त्याला हे काम दिलेलं. कोर्स संपताना प्रत्येकाने अभिप्राय म्हणून दोन शब्द बोलायचे आणि त्याचं रेकॉर्डिंग संस्थेला पाठवायचं. ते पसंत पडलं तर पुढची बॅच याचीच.

तो शेवटचा वर्ग होता शनिवारी, पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री. बाहेर लख्ख चांदणं. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, आत्ताच सांगतो. हसू नका. भुताला पंचांग लागत नाही.

त्या वर्गात एक बाई होत्या. शिवणकाम करायच्या, सगळे त्यांना टेलरताई म्हणायचे. डोळे थकत चालले होते, म्हणून एका गोदामात बिलं करायची नोकरी धरणार होत्या. नोकरी ठरलेली, फक्त हा कोर्स पुरा व्हायचा होता. एकुलत्या एक मुलीने पहिल्या पगारातून आईला जुना लॅपटॉप घेऊन दिला. मुलगी रात्रपाळीला जायची. बाई घरात एकट्या, शेजारी मशीन, कान वर्गात आणि पाय पायडलवर. शाळेचे निळे गणवेश शिवायला घेतले होते. मशीन जुनी, आत काहीतरी झिजलेलं. खड् खड् खड्... टक. खड् खड् खड्... टक. शिवण संपली की कात्री शोधत बसायच्या नाहीत, दोरा दातानेच तोडायच्या.

मास्तरला ती खडखड सहन होईना. बाईंशी नीट बोलायचं की नाही? याने सरळ सगळ्यांचे माइक आपल्या बाजूने बंद करून टाकले. म्हणजे तुम्ही कितीही बटण दाबा, मास्तरने उघडल्याशिवाय तुमचा आवाज पलीकडे जाणार नाही. कॅमेरे मात्र चालू हवेत, कोण डुलक्या काढतंय ते बघायला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि वर रोज पहिला प्रश्न काय, तर "माझा आवाज येतोय का?" अरे, तुझा येतोय रे. त्यांचा येतोय का, हे एकदा तरी विचारलंस?

कोर्स संपायच्या आधीच्या आठवड्यात एका वर्गात टेलरताईंनी हात वर केला. मास्तर म्हणाला, "ताई, प्रश्न शेवटी." हात खाली जाईना. तोंड हलत होतं. दुसरा हात छातीवर. मग त्या टेबलावर हात आपटायला लागल्या. छोट्याशा चौकटीत दिसत होतं सगळं. सगळ्यांना दिसत होतं. मास्तर म्हणाला, "ताई, लहान मुलांसारखं करू नका." थोड्या वेळाने चौकटीत नुसती मशीन उरली. आणि हा पुढचा तक्ता शिकवायला लागला.

सकाळी मुलगी कामावरून घरी आली, तेव्हा... असो.

तिने मास्तरला फोन केला. "सर, आईने हाक नाही का मारली? कुणालाच ऐकू नाही गेली?" आणि या शहाण्याने कानांवर हात ठेवले. म्हणाला, "त्यांचा आवाजच येत नव्हता. माइक खराब असेल." पोरगी म्हणाली, "लॅपटॉप मीच स्वस्तातला घेतला होता." तेव्हापासून ती पोर आईच्या मरणाचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून बसली. या गाढवाने बसू दिलं.

मग तो शनिवार. आज मात्र माइक उघडे. कौतुक ऐकायचं होतं ना! बेकरीवाला म्हणाला, कोर्स छान. दवाखान्यातली नर्स म्हणाली, सरांनी छान समजावलं. टेलरताईंबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे मूग गिळून गप्प.

एकेक जण बोलून निघून गेला. शेवटी एक चौकट उरली. काळी. खाली नाव नाही.

"कोण राहिलं?" मास्तरने विचारलं.

"बोला, दोनच शब्द. माझा आवाज येतोय का?"

खड् खड् खड्... टक.

मास्तरने तो माइक बंद केला. लाल खूण आली. खडखड चालूच.

त्याने वर्ग बंद केला. कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला...

खड् खड् खड्... टक.

मास्तर ओरडला. तोंड उघडलं, आवाज नाही. टेबलावर हात आपटले. त्याचाही आवाज नाही. उघड्या दारातून पलीकडे बायको दिसत होती. कपड्यांच्या घड्या घालत होती. तो हाका मारतोय... हाका मारतोय... तिने वरसुद्धा बघितलं नाही.

किती वेळ, कोण जाणे.

घड्या ठेवायला ती आत आली, तेव्हा मशीन थांबली. आणि याची किंकाळी गल्लीभर ऐकू गेली.

पुढे समोरासमोर बोलला की आवाज नीट. फोनवर बोलला की पलीकडच्याला फक्त मशीन ऐकू यायची. फोन बदलून पाहिले, काही फरक नाही. शेवटी माझ्याकडे आला आणि सगळं ओकला. मी त्याला काय काय बोललो ते तुमच्यासमोर नको. म्हटलं, "त्या पोरीच्या दारात जाऊन उभा राहा आणि तोंडाने सांग." तर म्हणतो, "मामा, हिंमत होत नाही. फोन करतो." आलं का लक्षात? आवाज जात नाही हे माहीत होतं, म्हणूनच फोन. सांगितल्यासारखंही होणार आणि कुणी ऐकणारही नाही.

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडून पोरगी हळूच म्हणाली,

"आई?"

मास्तर थांबला. मशीन थांबली नाही. फोनमधून आता मलाही ऐकू येत होती. खड् खड् खड्... टक.

"आई, आपलीच मशीन आहे ना ही... आई, माइक चालू होता ना गं?"

मशीन थांबली.

मी फोन ओढून घेतला. "पोरी, मी याचा मामा बोलतोय. तुझा लॅपटॉप चांगला होता. माइक चांगला होता. तुझ्या आईने हाक मारली होती. माइक याने बंद केला होता. तुझा काही दोष नाही."

पलीकडून रडणं ऐकू आलं. मग ते थांबलं.

"पत्ता द्या," ती म्हणाली. "आणि त्यांना तिथेच बसवून ठेवा."

आली ती. त्याच टेबलाशी, याच्या समोर बसली आणि बोलली. काय बोलली ते तिचं तिच्यापाशी. मास्तरने दोनदा तोंड उघडलं, मी दोन्ही वेळा गप्प बसवलं. मग ती उठली, मला "येते मामा" म्हणाली आणि गेली.

मास्तर गेल्यावर टेबल पुसायला घेतलं. तुमची काकू गेल्यापासून माझ्या घरात सुई नाही की दोरा नाही, शर्टाचं बटण तुटलं तर तसंच हिंडतो, तुम्ही बघताच. फोन जिथे ठेवला होता, तिथे निळ्या दोऱ्याचा एक तुकडा होता. दाताने तोडलेला. टोक अजून ओलं होतं.