तेजरामचं नामांकन

अनुसयानं दार ढकललं आणि हातातला झाडू तिथंच टाकून ओरडत बाहेर पळाली.

मोतीलाल सर टेबलापाशी पालथे पडले होते. डोक्याची उजवी बाजू आत गेलेली. रक्त फरशीवरून सोफ्यापर्यंत जाऊन सुकलं होतं. बाजूला तिरोडीच्या खाणीतला मँगनीजचा दगड पडला होता, लाकडी बैठकीसकट. त्याला केस चिकटले होते.

ठाण्याची टीआय, म्हणजे ठाणेदार, संघमित्रा मेश्राम आली तेव्हा अख्खी गल्ली खिडकीला नाक लावून उभी होती. तिनं आधी सगळ्यांना हाकललं, मग खोली पाहिली. सरांवर एकच घाव होता. टेबलावरच्या लॅपटॉपवर मात्र चार-पाच. त्याचा पार चुरा झाला होता.

"रागात माणूस माणसाले मारते," ती हवालदार राखीला म्हणाली. "लॅपटॉपनं काय केलं होतं?"

राखी दगडाकडे पाहत होती. तो कशाचा, ते तिला माहीत होतं. बालाघाटात ते कोणाला माहीत नव्हतं?

मोतीलाल शेंडे निवृत्त मास्तर. बायको नाही, पोर नाही, सिनेमाचं वेड मात्र भारी. मोठ्या फिल्म पुरस्कारांची नामांकनं जाहीर व्हायच्या आधी दरवर्षी त्यांच्या या खोलीत अड्डा बसायचा. सर आणि त्यांचे दोन जुने विद्यार्थी. एक प्रीतम, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुसरा महेंद्र, मोबाईलवर शहराच्या बातम्या देणारा, हजारो लोक त्याला पाहायचे. कोणाचं नाव येणार, कोणाचं कटणार, यावर तिघं घसा बसेस्तोवर भांडायचे. आणि मजा म्हणजे सिनेमे त्यांनी पाहिलेलेच नसायचे! असले सिनेमे बालाघाटात लागतात कुठं? ट्रेलर पाहायचे, ज्युरीत कोण बसलंय ते हुडकायचे, आणि तेवढ्या भांडवलावर एकमेकांची अक्कल काढायचे. ज्याचे अंदाज खरे, त्याच्या घरी हा दगड वर्षभर. गेली काही वर्षं तो महेंद्राकडून हलला नव्हता. नव्या पैजेसाठी यंदा सरांकडे परत आला होता.

यंदा तर गावालाच ताप चढला होता. तिरोडीचा तेजराम, हाही सरांचाच विद्यार्थी, खाणीवरच्या एका सिनेमात झळकणार होता. सिनेमा अजून लागला नव्हता, ज्युरीनं तेवढा पाहिलेला. पण ट्रेलरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत तेजरामच होता. महेंद्रानं ठाण्यासमोरच्या चौकात मोठा पडदा लावला, डीजे बोलावला, आणि बॅनर टांगला: मुख्य अभिनेता, आपला तेजराम. नामांकनं आज दुपारी जाहीर व्हायची होती.

एकटा प्रीतम म्हणायचा, नव्या पोराले एवढं मोठं कोणी देत नाई. काल संध्याकाळी त्यावरून त्याचा आवाज एवढा चढला, की शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती.

"मॅडम, हे पाहा," राखीनं मोबाईल पुढे केला.

महेंद्राचं लाइव्ह चालू होतं. तो रडत होता. "माह्या सरले मारलं, भाऊ. काल कोण भांडलं सरसोबत, साऱ्यायले माहीत आहे. प्रीतमले विचारा." नाक पुसलं, आणि पुढे म्हणाला, "सरची याद म्हणून यंदाचे अंदाज सांगून टाकतो." दिग्दर्शक सांगितला, नटी सांगितली, संगीत सांगितलं. "आन आपला तेजराम, सहायक अभिनेता."

"बाप्पा, रडता रडता बी अंदाज सोडला नाई यानं," राखी पुटपुटली.

संघमित्रानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती जीपकडे धावत सुटली होती. ज्यांना विचारायला सांगितलं होतं, ते विचारायला निघाले असणार.

ती पोचली तेव्हा विचारून झालं होतं. दुकानाच्या काचा रस्त्यावर होत्या. प्रीतम नालीच्या कडेला पडला होता आणि त्याच्यावर लाथा पडत होत्या. एकानं शटर उचलायची सळई त्याच्या पाठीत घातली, ती दुसऱ्यांदा उगारली. संघमित्रानं हवेत गोळी झाडली. माणसं मागे सरली, पण पळाली नाहीत. मोबाईलवर शूटिंग चालूच होतं. प्रीतमचा एक डोळा मिटला होता आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

प्रीतमला दवाखान्यात आत नेलं, तिथं त्याच्या आईला डॉक्टर येऊ देईनात. तुळसाबाई मग सरळ ठाण्यात येऊन बसली.

"माय, काल तुमचा पोरगा घरी कधी आला?" संघमित्रानं विचारलं.

"दिवाबत्तीच्या टायमाले. सरनं त्याले घरी पाठवलं म्हणे, आन महेंद्राले थांबवून घेतलं. माह्या पोरानं काई केलं नाई, बाई. आता त्याले कोण मारते आणखी? बाहेर ते पेट्रोल घेऊन उभे आहेत."

ते खरं होतं. चौकातली गर्दी नामांकनाची वाट पाहत होती आणि मधून मधून प्रीतमला बाहेर काढा म्हणून ओरडत होती. तो दवाखान्यात आहे, हेही त्यांना पटत नव्हतं.

संघमित्रानं महेंद्राला बोलावलं. पांढरा शर्ट, डोळे लाल.

"काल तुमी किती वेळ होते सरकडे?"

"लवकरच निघालो, मॅडम. प्रीतम बसून होता. त्याच्या तोंडी लागून काय फायदा, म्हणून मी घरी गेलतो."

"हा सिनेमा पाह्यला कोणी? तुमी, सर, प्रीतम?"

"कोणीच नाई. आमचं सारं ट्रेलरवर चालते."

"तेजरामसोबत बोलणं होते?"

"महिना झाला, फोनच उचलत नाई तो. मोठा माणूस झाला आता."

तिनं त्याला बसवून ठेवलं, दोन शिपाई त्याच्या घराकडे पाठवले, आणि बाहेर येऊन मुंबईला फोन लावला. तेजरामनं सरांची बातमी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"काल संध्याकाळी मीच सरले सिनेमाची लिंक पाठवली होती," तो शेवटी म्हणाला. "त्यायलेच फक्त. पाहा आन गावाले आवरा, म्हणलो."

"गावाले काहून आवरायचं?"

तेजरामनं सांगितलं. संघमित्रा भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग आत जाऊन तिनं महेंद्रासमोर खुर्ची ओढली.

"तेजरामचं काम चांगलं झालं म्हणतात. शेवटचा सीन तर लयच भारी आहे म्हणे, खाणीच्या तोंडाशी."

"शेवटचा कुठला, मॅडम?" महेंद्र फटकन म्हणाला. "तो तर इंटरव्हलच्या आधीच मरते. खाणीत पाणी भरते, त्या सीन..."

तो थांबला.

"हौ, बोला ना," संघमित्रा म्हणाली. "कोणीच न पाह्यलेल्या सिनेमात तो कधी मरते, ते तुमाले कसं माहीत?"

"कुठंतरी वाचलं असन."

"कुठंच आलेलं नाई. तेजरामचा रोल कापला, हे इकडं फक्त सरले माहीत होतं. ट्रेलरमध्ये पोरगा जिकडंतिकडं, सिनेमात थोडासाच. म्हणून सरनं प्रीतमले पाठवलं, तुमाले थांबवलं आन सिनेमा दाखवला. बॅनर उतरव म्हणले. बरोबर?"

महेंद्रानं मान खाली घातली.

"तुमी दगड घातला. लॅपटॉप फोडला, काहून की सिनेमा त्याच्यावर लावला होता. प्रीतमले सिनेमाचा पत्ताच नव्हता, त्यानं तो काहून फोडला असता? सकाळी तुमी त्याचं नाव घेऊन लोक भडकवले. इथवर सारं जमलं होतं. पण महिनाभर मुख्य अभिनेता म्हणून बोंबलत होते, बॅनर आताबी तेच सांगून राह्यला, आन रडता रडता तुमी म्हणले सहायक. ज्यानं सिनेमा पाह्यला त्यालेच ते सुचन. खून लपवायचा होता तर चुकीचाच अंदाज ठेवायचा होता, महेंद्र. तेवढं तुमच्याच्यानं झालं नाई."

दारात शिपाई उभा होता. महेंद्राच्या घरच्या स्टुडिओतल्या हिरव्या पडद्यामागून आणलेला शर्ट त्याच्या हातात होता. बाह्या कोपरापर्यंत रक्तानं कडक झालेल्या.

"सर हसले," महेंद्र म्हणाला. "साऱ्या जिल्ह्याले मी बोलावून बसलो, आन ते हसून म्हणते, तुले सिनेमातलं कधीच काई समजलं नाई. माह्या घरचा दगड होता तो. एकदाच मारला."

तुळसाबाई कधी आत आली, कोणाला कळलं नव्हतं.

"मंग माह्या पोराले हे सांगा कोणी जाऊन," ती म्हणाली. "त्याले बरं वाटन."

राखी तिच्या मागे उभी होती, कानाला मोबाईल. तिनं संघमित्राकडे पाहून नुसती मान हलवली. तुळसाबाईनं वळून राखीचा चेहरा पाहिला आणि ती मटकन खाली बसली.

त्याच वेळी बाहेर एकच गलका उठला. फटाके वाजले. पडद्यावर तेजरामचा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं सहायक अभिनेता. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, चौक नाचायला लागला.

बेड्या पडलेल्या महेंद्रानं मान वर केली. "आलं ना?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

संघमित्रा सरळ चौकात गेली. डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला. नाचणाऱ्यांत सकाळचे चेहरे तिला एकेक करून दिसत होते. सळईवालाही होता, कपाळाला गुलाल लावून.

"प्रीतम मेला," ती म्हणाली. "सरचा खून त्यानं केला नव्हता. तो महेंद्रानं केला. प्रीतमचा तुमी केला."

पोलिसांच्या गाड्या चौकाच्या चारही तोंडांना आडव्या लागल्या.