दोन मनगटांची साक्ष

"वहिनी, हातातलं काम टाका आणि छापखान्यात या. एका माणसाचं सोंग उघडं पाडायचंय."

सकाळी सव्वानऊला दिराचा फोन आला तेव्हा वहिनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगठ्याला पट्टी बांधत होत्या. दीर पोलिसात इन्स्पेक्टर. वहिनी फिजिओथेरपिस्ट, त्याही फक्त हातांच्या. बावीस वर्षं बोटं, मनगटं आणि कोपरं, दुसरा विषय नाही. नवरा म्हणायचा, ही माणसाचं तोंड विसरेल, हात विसरणार नाही.

"सोंग आहे हे तुम्ही आधीच ठरवलंत, भाऊजी. मग मी कशाला?"

"माझं ठरवणं कोर्टात चालत नाही, म्हणून."

छापखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक उघडं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. वहिनींनी जाता जाता ते टिपलं.

आत मॅनेजरच्या खोलीत इन्स्पेक्टरांनी भराभर सांगितलं. येत्या रविवारच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इथेच छापल्या गेल्या. काल सुट्टी होती, छापखाना बंद. दुपारी स्ट्राँगरूममधून एक सीलबंद पाकीट गेलं. कुलूप किल्लीनेच उघडलेलं, आणि किल्ली वॉचमनच्या कमरेला.

"तो काय म्हणतो?"

"खुर्चीत झोप लागली म्हणे. तीन तास! उठलो तर दार उघडं आणि उजवा हात लुळा. बोंब त्यानेच मारली, हेही खरं. पण बाहेर बसलीय ना, ती त्याची मुलगी. तीच परीक्षा देतेय."

"आणि मी पत्र लिहून ठेवलंय," मॅनेजर टेबलावरच्या लिफाफ्यावर बोट आपटत म्हणाले. "त्या मुलीला परीक्षेला बसू देऊ नका म्हणून. दुपारच्या टपालाने जाईल. अहो, हात लुळा पडायचं नाटक तो कुठे शिकला तेही मला ठाऊक आहे! आमच्या मशीनमनचा उजवा हात दोन महिने तसाच आहे. रोज समोर बघत होता, केली नक्कल."

"नक्कल करून फायदा काय?"

"स्ट्राँगरूमचं दार बघा. दोन टोकांना दोन दांडे आहेत. दोन्ही एकाच वेळी जोरात दाबल्याशिवाय दार हलत नाही. एका हाताचं कामच नाही ते. हात लुळा, म्हणजे मी नाही त्यातला!"

वहिनींना हे पटलंही आणि नाहीही. त्यांनी वॉचमनला बोलावलं.

पन्नाशी उलटलेला माणूस. गणवेशाची बटणं एका हाताने लावलेली, त्यामुळे एक घर चुकलेलं. उजवं मनगट खाली लोंबत होतं.

"मनगट वर उचला."

उचललं गेलं नाही.

"माझी दोन बोटं आवळा. जोरात."

मूठ वळली तशी मनगट आणखीच खाली गेलं. पकड लहान मुलाची. मग वहिनींनी त्याच्या तळहाताखाली आपला हात लावून मनगट वर धरलं. "आता आवळा."

बोटं कचकन आवळली गेली.

"बघा!" इन्स्पेक्टर उडालेच. "आली की ताकद! पकडलं की नाही?"

"हं," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी वॉचमनला शर्टातून हात बाहेर काढायला लावला. दंडाच्या मागच्या बाजूला एक आडवी निळी रेघ होती. अंगठ्यामागे, हाताच्या पाठीवर, त्यांनी टाचणी टोचली. त्याला पत्ता नाही.

"मूठ वळा, कोपर वाकवा. मी खाली ओढते, तुम्ही ओढू देऊ नका."

कोपर घट्ट राहिलं. मनगट मात्र लोंबतच होतं.

"झोपण्याआधी काय खाल्लं-प्यायलं होतं?"

"चहा, बाई. मशीनमन डबा विसरला होता, तो न्यायला आला. थर्मासमधला चहा दिला. आपुलकीने." मग तो एकदम म्हणाला, "मला काय करायचं ते करा. पण पोरीची परीक्षा घालवू नका हो. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलाय तिने. तिने काय केलंय?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागले.

"चहा देणाऱ्या मशीनमनचं मी तपासलंय," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले. "त्याचा हात खरंच गेलाय. डॉक्टरांची चिठ्ठी आहे. तो दार उघडणार कसा?"

"असू दे. शेजारी शेजारी दोन हात बघितले की मला बरं पडतं. त्यालाही बोलवा."

मशीनमन आला. आडव्या अंगाचा, हसरा, उजवा हात झोळीत. "बघा ताई, बघा. सगळे बघून झालेत." तो झोळीतून हात काढून बसला. मनगट लोंबलं, अगदी वॉचमनसारखं. दोन बोटं आवळायला सांगितली तर मनगट खाली आणि पकड ढिली.

"कोपर चालतं ना?"

"कोपराला काय झालंय! डॉक्टरच म्हणाले, कोपर शाबूत आहे."

"मग मूठ वळा आणि कोपर वाकवा. मी सोडणार नाही हं. बाईमाणसाला हरलात तर छापखान्यात नाव जाईल."

मशीनमन हसला. वहिनींनी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढलं. तो इरेला पेटला. मान ताठ झाली, दात आवळले गेले, कोपर तसूभर हललं नाही.

"भाऊजी," वहिनी ओढता ओढताच म्हणाल्या, "ह्यांचं मनगट बघा."

मनगट वर होतं. ताठ.

मशीनमनने खाली पाहिलं आणि मनगट टाकलं. पण आता फार उशीर झाला होता.

"सांगा, वहिनी," इन्स्पेक्टर म्हणाले.

"जोर लावायचा तर मूठ आवळावी लागते. आणि मूठ घट्ट आवळायची तर मनगट वर उचलावं लागतं. ते आपण ठरवून करत नाही, हात आपला आपण करतो. तुम्हीच करून बघा."

इन्स्पेक्टरांनी मूठ आवळली. मॅनेजरांनीही, टेबलाखाली.

"मनगट वर उचलणारी नस ह्या वॉचमनची खरंच दबलीय. म्हणून पकड येत नाही. मी मनगट वर धरलं की येते, कारण बोटं मिटणारे स्नायू धडधाकट आहेत. तुम्ही ज्याला सोंग म्हणालात ना भाऊजी, तोच खरेपणाचा पुरावा. ह्या साहेबांना लोंबतं मनगट छान जमत होतं, कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांचा हात खरोखरच गेला होता. चिठ्ठी खोटी नाही. हात बरा झाला ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कोपराच्या नादात मनगटाचं सोंग विसरले."

"पण वॉचमनचा हात...?"

"दंडावरची रेघ खुर्चीच्या पाठीची. नस तिथे हाडाला टेकून जाते. हात खुर्चीवरून टाकून कुणीही झोपतं, पण मुंग्या आल्या की झोपेतही हात हलवतं. हा माणूस तीन तास हलला नाही. चहात काहीतरी असल्याशिवाय असं होत नाही. किल्ली कमरेवरून काढून पुन्हा अडकवली तरी कळलं नाही त्याला." वहिनी मशीनमनकडे वळल्या. "त्याला झोपवायला गेलात आणि आपलंच दुखणं देऊन बसलात. नाहीतर मला इथे कुणी बोलावलंच नसतं."

मशीनमनचं हसू कधीच गेलं होतं.

"पाकीट घरी आहे," तो पुटपुटला. "सील फोडलं नाही. मेहुणा आज संध्याकाळी येणार होता. तिसऱ्यांदा बसतोय. बायको म्हणाली, एवढं छापता, माझ्या भावासाठी एक कागद नाही होय तुमच्याकडे?"

"आणि ह्याची मुलगी? तिचं काय झालं असतं?" वहिनींचा आवाज चढला. "तिच्या बापाच्या हातचा चहा कधी प्यायला नव्हतात का तुम्ही?"

इन्स्पेक्टर मशीनमनला घेऊन गेले. मॅनेजरांनी लिफाफा उचलला आणि फाडला.

आता वॉचमनचा जबाब राहिला होता. सही हवी होती. त्याने पेन उजव्या हातात घेतलं, ते गळून पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं.

"अंगठा चालेल," जबाब लिहून घेणारा हवालदार म्हणाला.

"अंगठा नाही," वॉचमन म्हणाला. "सही येते मला."

वहिनींनी दार उघडून मुलीला आत बोलावलं. "हात येईल यांचा. दोन-तीन महिने लागतील, पट्टी मी देते. तोवर तू शिकून घे. ये, इथे धर. मनगटाखाली तळहात लाव आणि वर उचल. घाबरू नकोस, दुखत नाही त्यांना."

मुलीने धरलं. वॉचमनची बोटं पेनाभोवती मिटली आणि मिटलेली राहिली. त्याने सावकाश स्वतःचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. खाली रेघही मारली.

"झालं बाबा," मुलगी म्हणाली. पण तिने हात काढला नाही.