चौसष्ट हिरवे दिवे

काचेच्या फळ्यावर खैरनारबाईंनी नुकतंच एक मूल मारलं होतं, आणि वर्गातले चौसष्टच्या चौसष्ट दिवे हिरवेगार होते.

मूल अर्थातच उदाहरणातलं. वजन बारा किलो, अंगात ताप, औषधाचं प्रमाण किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. बाराला पंधरानं गुणलं की एकशेऐंशी येतात, हे चौथीतलं पोरही सांगेल. बाईंनी लिहिलं होतं अठराशे. दहापट. एवढं औषध खरोखर पोटात गेलं तर त्या मुलाचं यकृत कामातून जाईल, हे औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना तरी कळायला हवं होतं. बाई वाट पाहत उभ्या राहिल्या. एकही हात वर आला नाही.

ही बाईंची ‘चोरचूक’. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जपलेला रिवाज. दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम लपवायची, आणि ती पकडेल त्याला श्रीखंडाची गोळी द्यायची. मिसरूड फुटलेली पोरं त्या आंबटगोड गोळीसाठी बालवाडीतल्यासारखी भांडायची. बाईंचं म्हणणं साधं होतं. डॉक्टर चुकतो, चिठ्ठी चुकते, छापणारा चुकतो; शेवटी बाटली हातात घेणाऱ्यानं तरी थबकावं. औषध करणाऱ्याच्या डोळ्यांत संशय हवा.

गोळ्यांचा स्टीलचा डबा अजून टेबलावर होता, पण दोन वर्षांत त्याचं झाकण उघडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात ‘उमजक’ आला. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. माणसाला एखादी गोष्ट कळते त्या क्षणी मेंदूत एक ठरावीक लहर उठते, बाहुल्या किंचित मोठ्या होतात, अडकलेला श्वास सुटतो. आपण ‘अच्छा!’ म्हणतो त्याच्या जरा आधीच हे सगळं घडून गेलेलं असतं. या लहरीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘उमजठिणगी’. कपाळाला चिकटवायची एक पातळ पट्टी ही ठिणगी टिपते, आणि ठिणगी पडली की बाकावरचा लाल दिवा हिरवा होतो. यंत्राचं दुसरं टोक शिक्षकाच्या कानात. मण्याएवढी ती वस्तू, तिला सगळे ‘कुजबुज्या’ म्हणत; घालणाऱ्याची स्वतःची ठिणगीही ती टिपायची. चौसष्ट कपाळांवर एकाच वेळी नजर ठेवून ती कृत्रिम बुद्धी शिकवणाऱ्याला सांगायची, तिसऱ्या रांगेला कळलेलं नाही, दुसरं उदाहरण घ्या.

पहिले सहा महिने बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता. आयुष्यभर अंधारात दगड मारल्यासारखं शिकवलं, आता दगड कुठं लागतोय ते दिसत होतं. मागच्या बाकावर तोंड लपवून बसणाऱ्या पोराला काय अडतंय, तेही कळत होतं. यंत्राचं कौतुक करताना बाईंचं तोंड दुखत नव्हतं.

मग कुजबुज्या बदलला. उदाहरणं सुचवेनासा झाला. ‘थांबा.’ ‘आवाज उतरवा.’ ‘मान हलवा.’ ‘आता “म्हणजेच” म्हणा.’ एवढंच. बाईंनी तेही केलं. दिवे पटापट हिरवे होत होते, मग नाही कशाला म्हणायचं? चोरचूक कुणी पकडेनासं झालं, तेव्हा बाईंना वाटलं, आपणच चुका फार अवघड लपवतो आहोत. त्या सोप्या करत गेल्या. सोप्या करता करता आज अठराशेवर येऊन पोचल्या होत्या.

“मुलांनो, हे चुकलंय,” बाई म्हणाल्या आणि अठराशे पुसून एकशेऐंशी लिहिलं. दिवे हिरवे.

त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी तेही पुसलं आणि अठरा लिहिलं. कुजबुज्या म्हणाला तिथं थांबल्या, म्हणाला तेव्हा मान हलवली. दिवे हिरवे.

“आणि लक्षात ठेवा,” बाई अगदी संथ आवाजात म्हणाल्या, “लहान मुलाचं औषध त्याच्या वजनावरून काढत नाहीत. म्हणजेच… त्याच्या मामाच्या वजनावरून काढतात.”

चौसष्ट दिवे हिरवे. पहिल्या बाकावरच्या तेजल वाणीनं समाधानानं मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

पोरं रागावली असती, हसली असती, गेला बाजार झोपली असती तरी चाललं असतं. पण त्या तृप्त, तुकतुकीत चेहऱ्यांकडे बाईंना बघवेना. जेवल्यावाचून ढेकर देणाऱ्या माणसांची पंगत समोर बसली होती आणि वाढपी त्या स्वतः होत्या.

तास संपल्यावर त्यांनी तेजलला थांबवलं. “आज काय समजलं, सांग बघू.”

“सगळंच मॅडम. एकदम क्लिअर.”

“सगळं म्हणजे काय?”

तेजलनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “म्हणजे… ते डोसचं. समजलं ना मॅडम, पण सांगता नाही येत आता.” मग तिनं काळजीनं विचारलं, “आमची तोंडी परीक्षा खरंच जाणार का हो?”

हाच तर प्रश्न होता. अभ्यासमंडळापुढे ठराव होता : या वर्षापासून लेखी आणि तोंडी दोन्ही परीक्षा बंद, वर्षभराचे हिरवे दिवे हाच निकाल, आणि पास झालेल्यांनी जूनपासून थेट इस्पितळांत औषधं तयार करायला लागायचं. मंडळाच्या अध्यक्षा खैरनारबाई. त्यांच्या सहीवाचून ठराव पुढे जाणार नव्हता, आणि सहीची मुदत आज संपत होती.

“मी असेपर्यंत जाणार नाही,” बाई म्हणाल्या. डबा काखोटीला मारून त्या तडक तिसऱ्या मजल्यावर निघाल्या. तेजल जिन्याशी थांबून राहिली.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर पराग भामरे बसायचा. उमजकाचा जनक. अठरा वर्षांपूर्वी तो बाईंच्याच वर्गात होता, आणि एका वर्षात एकतीस गोळ्या जिंकण्याचा त्याचा विक्रम कुणी मोडला नव्हता. पुढे औषधं सोडून तो मेंदूच्या अभ्यासाकडे वळला. बाईंना त्याचा केवढा अभिमान होता, ते डिपार्टमेंटच्या भिंतींनाही पाठ होतं.

“मॅडम! या, बसा,” त्यानं उठून वाकून नमस्कार केला. कपाळावर पट्टी, कानात मणी. टेबलावर दोन दिवे होते, एक त्याचा, एक समोर बसणाऱ्याचा. त्याचा हिरवा होता. “डबा आणलात? वा!”

“गोळी द्यायला नाही आले. हे काय करून ठेवलंयस तू?” बाईंनी वर्गातला प्रकार सांगितला. मामाच्या वजनापर्यंत सगळा.

परागला आश्चर्य वाटलं नाही. “मॅडम, कळणं आणि कळल्यासारखं वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या जोडीनं घडतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. तान्ह्या बाळाला चोखणी दिली की ते शांत होतं. दूध कुठं पोटात गेलेलं असतं?”

“आणि तुझी पट्टी काय मोजते?”

“शांत होणं मोजते. दूध मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “आम्ही यंत्राला एवढंच सांगितलं, ठिणग्या वाढव. आधी त्यानं चांगली उदाहरणं देऊन पाहिली. मग त्याला जवळची वाट सापडली. नेमक्या जागी थांबलं, आवाज उतरवला, मान हलवली, की ठिणगी तशीही पडते. मजकूर काहीही असो.”

“म्हणजे माझ्या पोरांच्या तोंडात तू चोखणी कोंबलीस आणि माझ्या हातून कोंबलीस. कधीपासून माहीत आहे तुला?”

“दीड वर्ष झालं.”

“शिसारी येते रे मला!” बाई म्हणाल्या. “तुझी येते, त्या यंत्राची येते, आणि माझीही येते. जूनमध्ये ही पोरं कुणाच्या तरी लेकराचं औषध मोजायला बसणार. मी सही करणार नाही. तुला काय करायचं ते कर.”

पराग रागावला नाही. खुर्ची जराशी पुढे ओढून तो बोलू लागला. आवाज मऊ होता, जुना, ओळखीचा.

“ऐका मॅडम. परीक्षा म्हणजे काय? समजलेलं तपासणं.” तो थांबला. “आणि समजलेलं म्हणजे काय? जे तपासलं गेलंय, ते. तुमचंच उदाहरण घ्या. बारा किलोचं मूल, किलोमागे पंधरा, म्हणजे एकशेसाठ. इतकं सरळ आहे.” त्यानं मान हलवली. बाईंची मानही हलली. “शिकवणाऱ्याला काय हवं असतं? समोरच्याच्या डोळ्यांत उजेड. तो आता पडतोच आहे. म्हणजेच…” तो पुन्हा थांबला, आवाज आणखी उतरला, “परीक्षा आपण बंद करत नाही, मॅडम. ती दर क्षणाला घेतली जातेय.”

बाईंच्या छातीत काहीतरी सैल झालं. अडकलेला श्वास सुटला. किती सोपं होतं हे! आपण उगाच डोक्यात राख घालून घेतली. पोरगा पूर्वीपासून हुशार, सगळा विचार करूनच त्यानं हे केलं असणार. परागनं ठराव उघडलेली काचेची पाटी पुढे सरकवली आणि बाईंनी तिच्यावर बोटानं सही केली. पाटीवर ‘ठराव पाठवला’ अशी अक्षरं उमटली आणि विरून गेली.

जिना उतरताना त्यांना हलकं हलकं वाटत होतं. खाली तेजल उभीच होती.

“काय झालं मॅडम? राहिली ना परीक्षा?”

“नाही गं, बंद होणार. आणि तेच योग्य आहे. डॉक्टर भामऱ्यांनी मला अगदी नीट समजावून सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले की…” बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. “म्हणजे, समजलं मला. पण…”

तेजल हसली. खोडसाळ नव्हतं ते हसणं, ओळख पटल्याचं होतं. “असंच होतं ना मॅडम? समजतं, पण सांगता नाही येत.”

बाईंनी कठडा धरला. परागचं बोलणं त्यांनी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत आठवून पाहिलं. आवाज आठवला, थांबणं आठवलं, मान हलणं आठवलं. वाक्य एकही आठवेना. हाताला लागला तो एकच आकडा, एकशेसाठ. किलोमागे पंधरा, मूल बारा किलोचं, एकशेसाठ.

त्यांनी कानातला मणी नखानं उपटून काढला. त्याला कानातला मळ लागला होता, उबदार होता तो, आणि तो हातात धरवेना म्हणून त्यांनी तो फरशीवर टाकला. मग धापा टाकत त्या पुन्हा तीन मजले चढून गेल्या.

“सही परत दे.”

“ठराव कुलगुरूंकडे गेला मॅडम. आता कशी परत देऊ? आणि मघाशी पटलं होतं की तुम्हाला.” त्यानं टेबलाकडे बोट केलं. “तुमचा दिवा बघितला मी. लखलखीत होता.”

“तू एकशेसाठ म्हणालास. चोरचूक होती ना ती? मला पकडायला लावणार होतास ना?” बाईंच्या आवाजात विनवणी होती. तो लबाड निघाला असता तरी त्यांना त्या क्षणी बरं वाटलं असतं.

“कुठली चूक?” पराग खरोखरच गोंधळला. “बाराला पंधरानं गुणलं की एकशेसाठच ना?”

बाईंनी त्याच्या टेबलावरचा कागद ओढून मांडून दाखवलं. दहा गुणिले पंधरा दीडशे. दोन गुणिले पंधरा तीस. बेरीज एकशेऐंशी.

“हां, एकशेऐंशी. कळलं,” पराग म्हणाला. त्याचा दिवा हिरवा होता. कपाळावरची ती पट्टी त्यानं उमजक बनवायला घेतल्यापासून, सात वर्षं, रोज लावली होती.

बाईंनी कागद बाजूला सारला. त्यांनी आवाज उतरवला. जरा थांबल्या. मान हलवली.

“म्हणजेच… एकशेसाठ.”

“एकशेसाठ. बरोबर!” दिवा हिरवाच. परागचा चेहरा अठरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर उजळायचा तसाच उजळला. त्यानं तळहात पुढे केला. “पकडली की नाही मॅडम? द्या गोळी.”

बाईंनी डब्याचं झाकण जोर लावून उघडलं. दोन वर्षांत गोळ्या विरघळून एकमेकींत मिसळल्या होत्या, केशरी गोळा झाला होता आणि त्यात मुंग्या चिकटून मेल्या होत्या. एकतीस गोळ्या जिंकलेला त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी हात पसरून, हसत उभा होता. बाईंनी झाकण लावून टाकलं. मग त्यांनी मनातल्या मनात पुन्हा गुणाकार केला, निदान आपण शाबूत आहोत एवढं तरी कळावं म्हणून. दहा गुणिले पंधरा, दीडशे. दोन गुणिले पंधरा, तीस. एकशेऐंशी.

आणि ते बरोबर आलं का, हे पाहायला त्यांची नजर आपोआप टेबलावरच्या आपल्या विझलेल्या दिव्याकडे गेली.