पाकिटातली जुनी रॅम

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सेनगावात अजून कुणाचा बसला नाही. पण जीप भरायला वेळ आहे, तोवर ऐका. ही माझ्या लेकीची लेक निता, कालच पुण्याहून आली. ती साक्षीला आहे.

समोर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान दिसतंय? मान खाली घालून बसलाय तो माझा पोरगा, प्रेमदास. तीन वर्षांमागं, भर दुपारी, औंढ्याची जीप चुकली म्हणून एक पोरगी त्याच्या दुकानाच्या सावलीला थांबली. नीलांबरी. औंढ्याच्या देवळातल्या पुजाऱ्याची लेक. हातात लॅपटॉप.

"हा सुरू होईस्तोवर माझी वेणी घालून होते," ती म्हणाली.

"मग सावकाशच राहू द्या की," प्रेमदास म्हणाला. "वेणी झकास झाली."

ती अशी लाजली... आईशप्पथ, दुकानातला बंद पंखा फिरायला लागला!

त्यानं लॅपटॉप उघडला. आत चार जीबीची रॅम, बोटभर हिरवी पट्टी. ती काढून सोळाची बसवली. मग मशीन असं पळालं, की तिच्या मनात यायच्या आधी स्क्रीनवर उमटायचं!

काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही आमच्या दुकानाची रीत. त्यानं पट्टी पुढं केली. ती घेईना.

"लॅपटॉप कंपनीचा आहे. नोकरी सोडताना जुनीच बसवून द्यायची. घरी हरवेल, तुमच्यापाशी राहू द्या."

"कधीपर्यंत?"

"मी इथून जाईपर्यंत..."

त्यानं पट्टी पाकिटात घातली, वर तिचं नाव लिहिलं. किती हळू लिहिलं म्हणून सांगू!

मग ती येतच राहिली. कधी धूळ साफ करायला, कधी उगंच. ती दिसली की पोराचा चेहरा उतरायचा. हिनं पाकीट मागितलं, म्हणजे ही चालली!

"काहून घाबरता हो?" ती त्याच्याच बोलीत चिडवायची. "आज न्हाई मागत."

"अन् मागितलंच तर?"

"तर देऊ नका ना..." असं म्हणाली अन् जीपकडं पळाली.

मी म्हणलो, पोरा, त्यांच्या घरात आपल्या बंजाऱ्यांना पाट तरी मांडतील का? पण ते जाऊ द्या.

गेल्या दिवाळीनंतर ती आली. पुण्याला दुसरी नोकरी लागलेली. काउंटरवर लॅपटॉप ठेवला, नजर खाली. "माझं पाकीट आहे का अजून?"

प्रेमदासनं एकदा तिच्याकडं पाहिलं. म्हणाला, "हरवलं."

पोरगी हसली, मग रडली, मग दोन्ही बराबरच! लगीन असं झालं म्हणता... वरातीचं पुढचं टोक औंढ्याच्या देवळापाशी पोचलं, तरी मागचं आमच्या तांड्यातून निघायचं व्हतं! सून तर अशी, की रोज सकाळी मला...

"आबा, खोटं."

निता उभी राहिली होती.

"मला ती पुण्यात भेटली. ती पाकीट मागायला आली त्या दिवशी मामा माल आणायला हिंगोलीला गेला व्हता. दुकानात तुमी बसले व्हते. पाकीट तुमीच काढून दिलं. ती मामाची वाट बघत थांबली, तर तुमी तिला खोटंच सांगितलं, प्रेमदासचं लगीन ठरलंय."