संध्याकाळचं उत्तर

“तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?”

सतरंजीची गुंडाळी दोरीने आवळता आवळता तिने एकाएकी मान वर करून विचारलं, आणि तिची पिशवी हातात घेऊन दारात उभा असलेला तो जागच्या जागी थिजला. तीन दिवसांनी कोणता दिवस उगवणार आहे हे त्याला ठाऊक नसेल, असं का वाटलं तिला? भिंगरीला सतरावं पुरं झालं असतं...! सांगावंसं खूप काही वाटलं, पण तोंडातून शब्द बाहेर पडले ते एवढेच, “बस चुकेल तुझी.”

 तिने दोरीची गाठ मारली.

“जाऊ दे की तिला!” आईच्या खाटेशी बसलेल्या ताईने तेवढ्यात तोंड घातलंच. ताई त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आईला भेटायच्या निमित्ताने येऊन घरातलं सगळं उणंदुणं काढून जायची. “ऋतू बदलला की राणीसाहेबांचं योग शिबिर ठरलेलं! आणि माझा भाऊ इथे म्हातारीची धुणी धुतोय.”

“ताई, पुरे.”

“पुरे काय पुरे? अति लाडावून ठेवलंयस बायकोला, बाळ्या. जगाची दुःखं काय हिला एकटीलाच आहेत?”

 सासूच्या पायांना हात लावून ती निघाली. बसथांब्यापर्यंत तो पिशवी घेऊन तिच्याबरोबर चालत गेला. बस सुटताना तिने खिडकीतून बाहेर पाहिलं... पण त्याच्याकडे नाही, समोरच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाकडे.

घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटर यायच्या. काळवंडलेली तार उपसून काढायची, आतल्या खाचा स्वच्छ करायच्या, नवी तांब्याची तार वेढ्यामागून वेढा घालत भरायची आणि वर वार्निश ओतायचं, यातच त्याचं आयुष्य गेलं. दुरुस्त मोटर घुमायला लागली की त्याची लेक दुकानात मध्येच उभी राहून हात पसरून गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेतलं नाव घरात कुणाच्या तोंडी बसलंच नाही. अकराव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि भिंगरी गेली. दवाखान्यातून परत येताना तिच्या चपला त्याच्याच हातात होत्या.

त्याच सुमाराला आईच्या डोक्यातलं सगळं विस्कटायला लागलं होतं. सकाळचं दुपारी आठवेना, माणसं ओळखू येईनात. पण ऊन कललं की ती न चुकता विचारायची, “भिंगरी आली का रे शाळेतून?”

पहिल्यांदा त्याने खरं ते सांगितलं. आई, भिंगरी गेली गं... म्हातारीने असा काही टाहो फोडला की शेजारपाजारचे धावत आले. दुसऱ्या दिवशी ऊन कललं, आणि तिने पुन्हा विचारलं! पुन्हा त्याने सांगितलं, पुन्हा तीच बातमी तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली, पुन्हा तोच आक्रोश... आणि आतल्या खोलीत त्याची बायको दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून भिंतीशी बसलेली. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “येतेच आहे, आई. वाटेत असेल.” म्हातारी समाधानाने हसली.

बायको मात्र खंगत चालली होती. जेवणाच्या ताटावर नुसती बोटं फिरवायची. तेव्हा एका ओळखीच्या नर्सने त्या शिबिराचं सांगितलं. तळ्यापलीकडे एका जुन्या शाळेच्या इमारतीत एक बाई दर ऋतुबदलाला योग शिबिर भरवायच्या. ते दिवसच असे होते की ज्याचं त्याचं काहीतरी बिनसलेलं होतं. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा नवरा साथीत गेलेला, कुणाला नुसतीच झोप येत नाही. ती सगळी माणसं तिथे जायची, पहाटे उठून श्वास मोजायची, साधं जेवायची, मौन पाळायची. तिथून ती पहिल्यांदा परत आली त्या दिवशी आपण होऊन दुसऱ्यांदा भात वाढून घेतला तिने! स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून तो नुसता पाहत राहिला होता. त्या दिवसापासून त्याने ठरवलं... काही झालं तरी हिचं शिबिर चुकू द्यायचं नाही. घरचं आपण पाहू. ताईचे टोमणे खाऊ, आईचं अंथरूण बदलू, दुकान दोन दिवस बंद राहिलं तर राहील.

आणि तो स्वतः? त्याला कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

पण एका उत्तरावर आईचं भागेना. “येतेच आहे” म्हटलं की ती पुढचं विचारायची. “कितवीत गेली रे आता? केस वाढले का तिचे?” आणि काहीतरी सांगावं लागे. असं सांगता सांगता, त्याच्याही नकळत, भिंगरी मोठी व्हायला लागली. तिने सायकल शिकताना हनुवटी फोडून घेतली. तिला चष्मा लागला, तेव्हा ती दोन दिवस रुसून बसली. लांब वेणी एके दिवशी कापूनच आली. गणितात तिचं डोकं चाले, चित्रकलेचं मात्र नाव नको. आणि आता ती कॉलेजात जाऊ लागली होती. दिवसभर मोटरीत तार भरताना तो मनाशी विचार करायचा, आज काय सांगायचं? त्या एका विचारावर त्याचा दिवस ढकलला जायचा.

बायकोच्या कानावर मात्र यातलं अक्षर पडू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करी. ती घरात असली की ऊन कलायच्या आधी आईची खुर्ची उचलून दुकानात आणायचा, चाचणीची एखादी मोटर सुरू करायचा आणि तिच्या घरघरीत आईच्या कानाशी वाकून बोलायचा. तिच्यासमोर लेकीचं नाव त्याने कधी ओठांवर येऊ दिलं नाही. आणि ती समजत राहिली, या माणसाचं काळीज कशाचं बनलंय!

भिंगरीच्या वाढदिवसाच्या दिवशी बायको शिबिरात होती, त्यामुळे मोटर लावायची गरज नव्हती. पुढचं दार उघडंच होतं. खाटेवर आईला उशीला टेकवून बसवून तो तिला मऊ भात भरवत होता.

“आली का रे भिंगरी?”

“आज उशीर होईल, आई. वाढदिवस ना तिचा! मैत्रिणींनी थांबवून घेतलंय.”

“अगंबाई! नवे कपडे घेतलेस की नाही?”

“घेतले तर.”

“कुठल्या रंगाचे?”

चमचा हातातच राहिला. एवढ्या वर्षांत कसल्या कसल्या प्रश्नांना त्याने उत्तरं दिली होती, पण आज, या दिवशी, तो कपडा डोळ्यांपुढे आणताना त्याचा आवाज फाटला. “पिवळे...” तो कसाबसा म्हणाला, “पिवळे घेतलेत...”

“पिवळा तिला आवडायचा नाही.”

त्याने दचकून वळून पाहिलं. दारात ती उभी होती! बाहेर शिबिराची जीप थांबलेली होती. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कधीपासून चाललंय हे?”

त्याने खाली मान घातली. “पहिल्यापासून.”

“रोज?”

“रोज.”

“माझ्यासमोर एकदा... एकदासुद्धा नाव काढलं नाहीत तिचं!” तिचा आवाज चढला. “मी रात्र रात्र रडायचे आणि तुम्ही पाठ करून झोपायचात. मला वाटायचं, विसरलात तुम्ही तिला... आणि इथे? इथे तुम्ही माझ्या लेकीला मोठी केलीत? मला वगळून?”

“तुला ऐकवत नव्हतं गं... तू कान झाकून घ्यायचीस...”

“म्हणून मला दर वेळी तिकडे धाडायचात? मला लांब ठेवून तुम्ही बापलेक इथे...”

“तिथून आलीस की जेवायचीस तू!” तोही आता ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. “मला दुसरं काही कळत नव्हतं! तू जेवायचीस, एवढंच कळत होतं मला!”

“अरे, हळू!” खाटेवरून आईने हात उचलला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. “भांडू नका रे. पोर आत अभ्यास करतेय.”

 दोघांचीही नजर, काही कळायच्या आत, आतल्या खोलीच्या दाराकडे गेली... आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसताच तिचा बांध फुटला आणि ती खाटेच्या पायाशी मटकन खाली बसली. म्हातारीचा हात तिच्या केसांवरून फिरू लागला.

“काय झालं सूनबाई? दमलीस का?”

“दमले हो आई... फार दमले...”

“आणि हा? हा का रडतोय?”

भाताची वाटी मांडीवर तशीच घेऊन तो बसला होता. कुणीतरी विचारलं होतं... सहा वर्षांत पहिल्यांदा! “मी पण दमलोय, आई,” तो म्हणाला, आणि ते वाक्य बोलून झाल्यावर त्याला इतकं थकल्यासारखं वाटलं की वाटी खाली ठेवायचंही त्राण उरलं नाही. वाटी बायकोनेच उठून काढून घेतली.

बऱ्याच वेळाने, डोळे पुसून, त्याच्याकडे न पाहता तिने विचारलं, “उंच झालीय का हो?”

“तुझ्या कानाला लागते.”

“चष्मा लागला असेल. तुमच्याकडे सगळ्यांनाच लागतो.”

“लागला. रुसली होती.”

“रुसणारच,” ती म्हणाली. मग दाराशी ताटकळलेल्या ड्रायव्हरची तिला आठवण झाली. ती आली होती ते वेगळ्याच कामाला. शिबिराच्या विहिरीवरची पंपाची मोटर जळाली होती, पाणी बंद झालं होतं, आणि ‘तुमचे यजमान हेच काम करतात ना?’ म्हणून शिबिराच्या बाईंनी तिलाच जीपमधून मोटर घेऊन पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटर उघडली. ती त्याच्यासमोर पाट घेऊन बसली आणि तारेचं रीळ धरून हळूहळू सोडत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या कामाला तिने कधी हात लावला नव्हता. तो तार भरत होता, आणि ती एकेक विचारत होती. वेणी का कापली? सायकल कुणाची? तुम्ही रागावला नाहीत? कुठे त्याने सांगितलेलं तिला पटलं नाही. “चित्रकला येत नाही म्हणे! शाळेच्या भिंती कुणी रंगवल्या होत्या?” त्याने चूक कबूल केली. मधूनच तिचा एखादा हुंदका, त्याचा एखादा उसासा... हात थांबायचे, मग पुन्हा तार सुटायची.

वार्निश वाळल्यावर ती म्हणाली, “मोटर बसवायला तुम्ही जा. आणि गेलात की तिथेच राहा, शिबिर संपेपर्यंत. माझी जागा रिकामीच आहे.”

“आणि आईचं?”

“मी आहे ना.”

“संध्याकाळी विचारेल ती. जमेल तुला?”

“नाही जमायचं,” ती म्हणाली. “तरी सांगेन.”

मोटर बसली, पाणी आलं. बायकोने राहायला सांगितलं होतं, तरी अवजारं पिशवीत भरून तो निघायच्या बेताने उभा राहिला तर बाई समोर आल्या. पिकल्या केसांची, मोजकं बोलणारी बाई. “हात धुवा आणि आत या,” त्या एवढंच म्हणाल्या. मोठ्या वर्गाच्या खोलीत ओळीने माणसं उताणी पडली होती. त्याला कोपऱ्यातली सतरंजी मिळाली. त्याचे ग्रीस लागलेले हात कुठे ठेवावे हेच त्याला कळेना.

“आता काही करायचं नाही,” बाईंचा आवाज आला. “कुणाचं काही राहिलेलं नाही. श्वास येईल, जाईल. तोही तुम्हाला आणायचा नाही.”

काही करायचं नाही! असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डोळे मिटले तसे कानांच्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहू लागले. त्याने ते पुसले नाहीत. कुणी उठून जवळ आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. कुठल्याशा क्षणी त्याला गाढ झोप लागली... इतकी गाढ, की सगळे उठून गेले, खोली झाडून झाली, जेवणाची घंटा झाली, तरी तो पडूनच होता. त्याच्या अंगावर कुणीतरी चादर टाकून गेलं होतं.

शिबिर संपवून तो घरी आला तेव्हा दारातच ताईची गाठ पडली. “जग उलटं चाललंय बाई! आता नवरा शिबिराला आणि बायको घरी,” असं पुटपुटत ती चप्पल पायात सरकवत होती. मग जरा थांबून, त्याच्याकडे न पाहताच ती म्हणाली, “पुढच्या खेपेला दोघंही जा हवं तर. आईजवळ मी राहीन. पण संध्याकाळी तिला तुम्ही काय काय सांगता ते मला नीट शिकवून जा.”

तो आत आला. आई झोपली होती. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, चेहऱ्यावर शीण होता, चहाचं आधण उकळत होतं. त्याला पाहून तिने दुसरा कप काढला.

“विचारलं आईने?” तो हळूच म्हणाला.

“रोज.” तिने गॅस बारीक केला. “पहिल्या दिवशी मला बोलवेचना. नुसती हात धरून बसले त्यांचा. दुसऱ्या दिवशी सांगितलं.” मग जरा अवघडून, चुकीची कबुली द्यावी तशी, ती म्हणाली, “मी तिला कॉलेजच्या सहलीला पाठवलंय. चार दिवसांच्या. चालेल ना?”

“सहलीला?” तो एकदम म्हणाला. “अगं, मला न विचारता?”

“तुम्ही कुठे होतात घरी!”

त्याने पिशवी खाली ठेवली, स्टुलावर बसला, कपाळावरून हात फिरवला.

“थंडी असेल तिकडे,” तो म्हणाला. “स्वेटर दिलास का?”

“दिलाय,” ती म्हणाली, आणि चहा गाळून कप त्याच्या हातात दिला.